साडेसात केव्हीए की तीन? सांगलीतल्या एका घरासाठी जनरेटरचा हिशेब

प्रश्न असा आहे. सांगलीत शामरावनगरच्या बाजूला दुमजली घर. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात, घरी आई-वडील दोघंच. वडिलांना डॉक्टरांनी मिनिटाला पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) लावायला सांगितलाय. रात्र आणि दुपार मिळून तो दिवसाला १५ तास चालतो. शिवाय एक एचपीची बोअरची सबमर्सिबल, दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, फ्रिज, दोन किलोवॅटचा गीझर, वॉशिंग मशीन आणि ९०० व्हीएचा साधा इन्व्हर्टर, त्याला १५० एएचची एक बॅटरी. एक दुकानदार म्हणतो साडेसात केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरच्या ताकदीचं माप) सायलेंट डिझेल जनरेटर घ्या. दुसरा म्हणतो तीन केव्हीएचा पेट्रोलवरचा पुष्कळ झाला. कुणाचं ऐकायचं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. डिझेल नको. सेल्फ स्टार्ट असलेला, इन्व्हर्टर पद्धतीचा (स्थिर, स्वच्छ वीज देणारा), तीन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घ्या. वाचलेल्या पैशांतून घरातला इन्व्हर्टर आणि बॅटरी बदला, आणि बोअरची मोटर जनरेटरवर चालवायचा नाद सोडा. या तिन्ही गोष्टी एकत्र केल्या तरच तीन केव्हीए पुरेल. नुसता जनरेटर आणून ठेवलात तर पहिल्याच पावसाळ्यात वडील म्हणतील, साडेसातवालाच बरोबर सांगत होता.

त्या साडेसातवाल्याने मांडलेला हिशेब मला न बघताही सांगता येतो. एसी १,६०० वॅट, गीझर २,०००, बोअर १,१५०, वॉशिंग मशीन ४००, फ्रिज १५०, आणि कॉन्सन्ट्रेटर, पंखे, दिवे, टीव्ही धरून ७००. बेरीज ६,००० वॅट. साडेसात केव्हीए गुणिले ०.८ पॉवर फॅक्टर (केव्हीएवरून वॅट काढायचा आकडा), तेही ६,०००. जमलं! बेरीज म्हणून यात काही चूक नाही. पण दोन म्हातारी माणसं गीझर, एसी, बोअर आणि वॉशिंग मशीन एकाच वेळी लावून बसतील, तेही लाइट गेलेली असताना, असं घर मी तरी पाहिलेलं नाही. दुसऱ्याने बहुतेक उलटं केलं असणार: पंखे-दिवे-फ्रिज मोजले, मोटर सोडून दिली आणि मोकळा झाला. किती वेळ लाइट जाते, हे दोघांपैकी एकानेही विचारलेलं दिसत नाही. माझ्या मते खरेदीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

आपल्याकडे लाइट तीन तऱ्हांनी जाते. एक रोजचीच, दहा मिनिटं ते दोन तास. ती तुमचा आत्ताचा इन्व्हर्टर कसाबसा काढतो. दुसरी वळवाची. एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी वारं सुटतं, फांदी तारेवर पडते किंवा खांबच आडवा होतो, आणि मग सहा तास, बारा तास, कधी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट बघावी लागते. तिसरी पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. इथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, एवढं सांगितलं की बाकी कळतं. अशा वेळी महावितरण सुरक्षेसाठी स्वतःच डीपी (गल्लीतला ट्रान्सफॉर्मर) आणि फीडर (भागाला वीज आणणारी मुख्य लाइन) बंद करतं. पाणी तुमच्या उंबऱ्याला लागलं नाही तरी तुमचा भाग त्याच फीडरवर असला तर चार-पाच दिवस अंधार.

जनरेटरचा आकार ठरतो एका क्षणावरून, म्हणजे सगळ्यात मोठी मोटर सुरू होते त्या क्षणावरून. त्याला लागणारं इंधन ठरतं तासांवरून. सगळ्या उपकरणांची बेरीज या दोन्हींपैकी कशाचंच उत्तर देत नाही.

आधी तास बघू, कारण तुमच्या घरात तेच जास्त महत्त्वाचे आहेत. कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट खातो. १५ तासांचे सव्वापाच युनिट झाले. फ्रिजचं एक ते सव्वा युनिट. दोन-तीन पंखे, काही एलईडी दिवे, राउटर, मोबाइल मिळून दीड युनिट. म्हणजे दिवसाला आठ युनिट. आता नुसता जनरेटर लावून हे चालवायचं ठरवलं तर तो जवळजवळ चोवीस तास फिरत ठेवावा लागेल, आणि बहुतेक वेळ त्यावर चार-पाचशे वॅटच असतील. तीन केव्हीएचा चांगला इन्व्हर्टर जनरेटरसुद्धा अशा हलक्या लोडवर तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल पितो. दिवसाला १५-१६ लिटर, पाच दिवसांना ८०. एवढं पेट्रोल घरात ठेवता येत नाही आणि पुरात मिळतही नाही.

तोच जनरेटर दीड-दोन किलोवॅट लोडवर चालवा. आता एका लिटरमध्ये साधारण दीड युनिट निघतं. हलक्या लोडवर एकही निघत नव्हतं. म्हणून युक्ती अशी: सकाळी अडीच तास आणि संध्याकाळी अडीच तास जनरेटर लावायचा, त्या वेळात फ्रिज गार करून घ्यायचा, मोबाइल-मिक्सर-आरओ उरकायचं आणि उरलेली सगळी ताकद बॅटरीत भरायची. बाकीचे एकोणीस तास घर बॅटरीवर. पेट्रोल दिवसाला सहा लिटरच्या आसपास, पाच दिवसांना तीस.

इथे तुमची आत्ताची बॅटरी नापास होते, आणि ती लहान आहे हे त्याचं निम्मंच कारण. १२ व्होल्ट १५० एएच म्हणजे कागदावर १.८ युनिट. इन्व्हर्टरमधला नाश आणि जोरात उपसल्यामुळे होणारी घट धरली तर हातात सव्वा युनिटही येत नाही; कॉन्सन्ट्रेटर आणि एक-दोन पंख्यांवर अडीच तास. पण त्याहून मोठी अडचण भरण्याची. अशी ट्युब्युलर (शिसं-आम्लाची) बॅटरी १५ अँपिअरने भरते, रिकामी झाली तर पूर्ण व्हायला दहा-बारा तास घेते. अडीच तासांत पाव भाग भरेल. जनरेटर धडधडत राहील, पेट्रोल जळेल आणि बॅटरी आपल्या चालीने चालेल. म्हणून या घरात लिथियम घ्या: २४ व्होल्ट, १५० एएच, पावणेचार युनिटच्या जवळ, आणि त्यासोबत लिथियमचं सेटिंग असलेला दोन केव्हीएचा इन्व्हर्टर, ज्याचा चार्जर ४० ते ५० अँपिअर देतो. असा चार्जर जनरेटरवर हजार-बाराशे वॅटचा लोड टाकतो, अडीच तासांत तीन युनिट बॅटरीत जातात, आणि रात्री दहा ते सकाळी सहा कॉन्सन्ट्रेटर निवांत चालतो. आईला मध्यरात्री पावसात जनरेटर सुरू करायला उठावं लागत नाही. माझ्या लेखी या बॅटरीचा खरा उपयोग हा आहे.

आता तो क्षण, म्हणजे मोटर.

एक एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल चालू असताना सात-आठ अँपिअर घेते. सुरू होताना, कपॅसिटर असूनही, त्याच्या चार-पाच पट. सेकंदभरासाठी ३० अँपिअर आणि पुढे. २३० व्होल्टला ते जवळजवळ सात केव्हीए झालं. साधा एव्हीआरवाला (व्होल्टेज सावरणारा भाग असलेला) जनरेटर असा झटका थोडा सोसतो: व्होल्टेज खाली बसतं, दिवे मिचमिचतात, इंजिन घुमतं आणि मोटर उचलली जाते. तरीही बोअरसाठी हिशेब असा धरतात: अर्ध्या एचपीला अडीच केव्हीए, एकला पाच. इन्व्हर्टर पद्धतीचा जनरेटर मात्र झटका सोसत नाही. त्याच्या आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट मर्यादेपलीकडे गेलं की तोडून मोकळं होतं, ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो. म्हणून तीन केव्हीएच्या इन्व्हर्टर जनरेटरवर तुमची बोअर उचलणार नाही हे गृहीतच धरा. कोणी म्हणालं ‘उचलते की’, तर त्याला तुमच्या बोअरवर उचलून दाखवायला सांगा.

मग पाण्याचं काय? दोघांना दिवसाला अडीचशे-तीनशे लिटर पाणी लागतं. गच्चीवर हजार लिटरची टाकी असेल तर तीन दिवस, दोन हजाराची असेल तर आठवडा. हवामान खात्याचा इशारा आला, कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली, की लाइट आहे तोवर टाकी काठोकाठ भरायची. आणि तरीही खात्री हवी असेल तर खालच्या हौदातून वर पाणी चढवणारा अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक पंप बसवा. तो तीन केव्हीएवर बहुतेक उचलतो. इतर सगळं बंद करून आधी तो लावायचा, मग बाकीचं. पाच केव्हीएचा जनरेटर घेण्यापेक्षा एक हजार लिटरची जादा टाकी खूपच स्वस्त पडते, आणि टाकीला पेट्रोल लागत नाही. पुराच्या पाण्याखाली गेलेल्या बोअरचं किंवा हौदाचं पाणी मात्र नंतर शुद्ध केल्याशिवाय प्यायचं नाही. सबमर्सिबल पाण्यातच असते, तिला काही होत नाही. तिचं पॅनेल भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर असतं आणि तेच बुडतं. ते वर घ्या.

एसीचं थोडक्यात. इन्व्हर्टर एसी हळूहळू उचलतो, झटका देत नाही, त्यामुळे मे महिन्यात जनरेटरच्या अडीच तासांत एकटा एसी चालवता येईल, फक्त तेव्हा बॅटरीचा चार्जर कमी अँपिअरवर ठेवावा लागेल. जुना साधा एसी असता तर पाच केव्हीएखाली बोलणंच नको. गीझरचं नाव काढू नका. पाणी गॅसवर तापतं.

साधा जनरेटर की इन्व्हर्टर पद्धतीचा, यात किमतीचा फरक मोठा आहे. बऱ्याचदा दुप्पट, कधी त्याहून जास्त. तरी तुमच्या घरी मी इन्व्हर्टर पद्धतीचाच सांगतो. साध्याचं इंजिन लोड असो नसो ३,००० आरपीएमवर फिरतं. दोन पोलच्या अल्टरनेटरला ५० हर्ट्झ काढायला तेवढं फिरावंच लागतं. लोड बदलला की फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज हलतात. पंख्याला त्याचं काही नाही, पण घरातला इन्व्हर्टर अशी वीज घ्यायला नाक मुरडतो. त्याच्या पाठीमागे यूपीएस आणि इको असं बटण असतं. यूपीएसवर असला तर तो साधारण १८० ते २६० व्होल्टच्या आतलीच वीज स्वीकारतो आणि जरा हललं की पुन्हा बॅटरीवर उडी मारतो. ‘जनरेटर चालू आहे पण बॅटरी भरत नाही’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या घरी बहुतेक वेळा हेच निघतं. बटण इकोवर केलं की भरायला लागते, पण मग हलणारं व्होल्टेज सरळ कॉन्सन्ट्रेटरपर्यंत जातं. इन्व्हर्टर पद्धतीचा जनरेटर आधी डीसी करून मग स्वच्छ साइन वेव्ह बनवतो, लोड कमी झाला की इंजिनही हळू करतो. शेजारीही त्यामुळे कमी वैतागतात.

लेबल वाचताना एक बघा. मोठ्या अक्षरात ‘मॅक्स’ असतं, बारीक अक्षरात ‘रेटेड’, म्हणजे सतत मिळणारी ताकद. हिशेब रेटेडवर करायचा. पेट्रोलच्या लहान जनरेटरचे केव्हीए आणि किलोवॅट बहुधा सारखेच असतात, डिझेलला ०.८ ने गुणावं लागतं.

डिझेलला नाही का म्हणालो ते सांगतो, कारण आपल्या भागात ‘डिझेल म्हणजे दणकट’ हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे, आणि ते खोटंही नाही. १,५०० आरपीएमचं डिझेल इंजिन वर्षानुवर्षं चालतं, युनिटमागे इंधन कमी लागतं, डिझेल साठवायला पेट्रोलपेक्षा कमी धोकादायक. पण त्याला काम लागतं. तुमच्या घरी रात्रभर चारशे-पाचशे वॅट लोड असेल. सहा किलोवॅटच्या इंजिनावर तो दहा टक्केही भरत नाही. तीस टक्क्यांखाली तासन्‌तास चाललेलं डिझेल इंजिन पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, सायलेन्सरमधून काळं ओलं तेल ठिबकायला लागतं, रिंगा आणि इंजेक्टर धरतात. ‘दर आठवड्याला दहा मिनिटं रिकामं चालवून ठेवतो’ म्हणणारे लोक इंजिनाची काळजी घेत नसून त्याला आजारी पाडत असतात. ज्यांच्याकडे आधीच असा जनरेटर आहे त्यांनी महिन्यातून एकदा अर्धा तास गीझर त्यावर लावून चालवावा. दोन किलोवॅटचा गीझर हा घरात असलेला सगळ्यात सोपा आणि निरुपद्रवी लोड.

शिवाय साडेसात केव्हीएचा सायलेंट संच चारशे किलोच्या पुढे जातो. तो गच्चीवर चढत नाही, अंगणातच बसतो. शामरावनगरात पुराच्या वेळी अंगणात काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. अपार्टमेंटला लिफ्ट असेल, दवाखाना असेल, तीन-चार एसी एकदम चालणारा बंगला असेल तर डिझेलच घ्यावा. नवीन घेताना तो १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या सीपीसीबी ४ प्लस (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) निकषांचा आहे ना हे बिलावर बघावं. कॅनॉपीपासून (जनरेटरच्या बाहेरच्या पेटीपासून) एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या आत हवा.

ओघात शेतातल्या मोटरचं सांगतो, कारण हा प्रश्न प्रत्येक घरी निघतोच. घरासाठी घेतलेल्या जनरेटरवर पाच एचपीची थ्री फेज मोटर चालणार नाही. डीओएल (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणाऱ्या) स्टार्टरवर पाच एचपीला साडेबारा केव्हीए, साडेसात एचपीला वीसच्या आसपास धरा; सुरुवातीचा झटका कमी करणारा स्टार-डेल्टा असेल तर कमीत भागतं. ट्रॅक्टर दारात असेल तर त्याच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा अल्टरनेटर हा जास्त शहाणपणाचा मार्ग. इंजिन आधीच तुमच्या मालकीचं आहे.

आता जोडणी. इथे मी काटकसर अजिबात खपवून घेत नाही.

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटर घरातल्या प्लगमध्ये लावायचा प्रकार अजूनही चालतो. मेन स्विच बंद करायला विसरलात की तुमचे २३० व्होल्ट मीटरमधून डीपीकडे जातात, डीपी उलटा चालतो आणि ११ हजार व्होल्टची लाइन जिवंत होते. वादळानंतर त्याच लाइनवर महावितरणचा वायरमन चढलेला असतो. लाइन मेलेली आहे असं समजून. आणि लाइट परत आली तर तुमचा जनरेटर जळतो तो वेगळा. त्यामुळे चेंजओव्हर स्विच पाहिजेच: सिंगल फेजला टू पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, थ्री फेज कनेक्शन असेल तर फोर पोल. एका वेळी एकच बाजू जोडली जाईल असा.

त्याच्या पुढे वेगळा छोटा डीबी (वीजवाटपाची पेटी) करून घ्या. त्यावर फक्त कॉन्सन्ट्रेटरचा प्लग, फ्रिज, दोन खोल्यांचे पंखे-दिवे, राउटर, मोनोब्लॉक आणि नवा इन्व्हर्टर. एसीला हवं तर एक स्वतंत्र एमसीबी. गीझर आणि बोअर या डीबीवर येऊच द्यायचे नाहीत. ‘आम्ही लक्षात ठेवू’ असं आई-वडील म्हणतील, पण पाहुण्यांनी बाथरूममधलं बटण दाबलं की ऐन वेळी सगळं बंद पडतं. वायरिंगनेच ते अशक्य करून टाकावं. आणि हा सगळा डीबी व चेंजओव्हर पहिल्या मजल्यावर. मीटर खाली राहील तो राहू दे.

अर्थिंगची एक खोच बऱ्याच वायरमनना माहीत नसते. लहान जनरेटरचा न्यूट्रल बहुधा कशालाच जोडलेला नसतो, तरंगता असतो. टेस्टर लावला तर दोन्ही वायरींवर मिणमिणता दिवा दिसतो. अशा स्थितीत घरातला आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) दिसायला चालू, पण गळती झाली तरी तो ट्रिप होईलच असं नाही. जनरेटरच्या बाजूने न्यूट्रल आणि अर्थ जोडून घ्यावे लागतात. हे काम कंपनीचं मॅन्युअल बघून, लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडूनच करून घ्या, आणि झाल्यावर जनरेटर चालू असताना आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबण्यावर थांबू नका. त्याच्याकडून मीटर लावून ट्रिप होतो का ते तपासून घ्या.

छतावर सोलर असेल किंवा पंतप्रधान सूर्यघर योजनेतून बसवणार असाल तर अजून एक. महावितरणशी जोडलेला साधा ऑन-ग्रिड सोलर लाइट गेली की स्वतःहून बंद होतो, भर उन्हातही. तो बंद होणं हेच बरोबर, कारण वर सांगितलेला वायरमन. पण जनरेटर चालू झाल्यावर सोलरला वाटतं लाइट आली, आणि तो स्वतःची वीज जनरेटरमध्ये ढकलायला लागतो. जनरेटरला ती परत घेता येत नाही. व्होल्टेज चढतं, काहीतरी जळतं. म्हणून सोलरची जोडणी चेंजओव्हरच्या महावितरणच्या बाजूला असायला हवी, घराच्या बाजूला नको. बसवणाऱ्याकडून हे आकृती काढून समजून घ्या.

जागा. सर्वांत वरची गच्ची, वर पत्रा, चारही बाजू मोकळ्या. जिन्याच्या टोकाच्या बंद खोलीत नाही, ग्रिल-काच लावलेल्या गॅलरीत नाही, जिन्याखाली तर नाहीच. पेट्रोल इंजिनच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग-वास नाही. बंद जागेत तो काही मिनिटांत माणूस मारतो, आणि आधीच फुप्फुसं कमजोर असलेला माणूस सगळ्यात आधी. खिडकीपासून वीस फूट तरी लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला. वडिलांच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, त्याची किंमत फार नसते. तीन केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर ६० किलोच्या घरात जातो, तेव्हा ऐन वेळी वर नेऊ असं म्हणू नका. कायम तिथेच, साखळीने बांधून. खाली डीबीपर्यंत चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर.

पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच साठवता येतं. वर काढलेला पाच दिवसांचा हिशेब त्यातच बसवलाय. २०१९ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग कोल्हापूरजवळ पाण्याखाली गेला तेव्हा पंपांवर टँकर पोचत नव्हते. त्यामुळे जून ते सप्टेंबर साठा घरात हवा. पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये, राहत्या खोल्यांपासून आणि ऑक्सिजनपासून दूर. आत्ताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते आपल्याच कारखान्यांच्या उसाचं असलं तरी हवेतलं पाणी ओढायची त्याची खोड जात नाही. महिना-दीड महिन्यात कॅनमधलं पेट्रोल गाडीत ओतायचं आणि ताजं भरायचं. जनरेटर ठेवून देताना पेट्रोलचा कॉक बंद करून तो आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. पावसाळ्यात सुरू न होणाऱ्या जनरेटरमध्ये बहुतेक वेळा जेटमध्ये साचलेला हिरवट चिकटा निघतो, दुसरं काही नाही.

महिन्यातून एकदा वीस मिनिटं खऱ्या लोडवर चालवा, आणि ते आईकडून करून घ्या. सेल्फ स्टार्टची बॅटरी त्यानेच टिकते. ऑइल पहिल्या २० तासांनी, मग दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. जनरेटर सपाट जागी ठेवा. उतारावर ऑइल एका बाजूला जातं, सेन्सरला वाटतं ऑइल संपलं, आणि चांगलं इंजिन बंद पडतं.

साताऱ्याकडून, विशेषतः महाबळेश्वर-पाचगणीतून विचारणाऱ्यांसाठी: उंचीवर हवा विरळ, इंजिनची ताकद दर ३०० मीटरला तीन-साडेतीन टक्के कमी. सातारा शहरात सात-आठ टक्के, महाबळेश्वरला चौदा-पंधरा. तिथे पाच केव्हीएचा सव्वाचार म्हणूनच मोजा. आणि चार महिन्यांच्या धुक्या-पावसात अल्टरनेटरच्या वाइंडिंगला ओल धरते, तेव्हा बंद ठेवलेला जनरेटर पहिल्यांदा लावण्याआधी इन्सुलेशन मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) तपासून घ्यावं.

वडिलांबद्दल एक गोष्ट, जी कुठलाही जनरेटर विकणारा सांगणार नाही. ऑक्सिजनवर असलेल्या माणसासाठी जनरेटर हा तिसरा आधार. पहिला बॅटरी, दुसरा भरलेला सिलिंडर. दीड घनमीटरचा बी टाइप सिलिंडर मिनिटाला दोन लिटरने बारा तास जातो. प्रवाह किती ठेवायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि रेग्युलेटर लावून बघितलेला असू दे. आणि आयर्विनला पाणी ४० फुटांकडे चाललंय असं दिसलं की त्यांना मिरजेला नाहीतर उंचावरच्या पाहुण्यांकडे हलवा. पाणी वाढल्यावर कॉन्सन्ट्रेटर, सिलिंडर आणि माणूस बोटीतून काढणं फार अवघड असतं. जनरेटर आहे म्हणून थांबू, असा विचार या घरात नको.

पैसे देण्याआधी दुकानदाराला जनरेटर घेऊन घरी बोलवा. हौदावरचा मोनोब्लॉक, फ्रिज, कॉन्सन्ट्रेटर आणि नव्या इन्व्हर्टरचा चार्जर, या क्रमाने एकेक लावायला सांगा आणि क्लॅम्प मीटर व व्होल्टमीटर दोन्हीकडे बघत राहा. मोटर उचलताना व्होल्टेज क्षणभर खाली येईल. ते लगेच सावरून २२० च्या वर स्थिर राहिलं आणि बॅटरी ४० अँपिअरच्या पुढे भरायला लागली तर घ्या. तो यायला तयार नसेल तर दुसरा दुकानदार बघा.